न बोलणाऱ्याचे अपील



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा हा गृहस्थ गिरण्यांविषयी नाहीतर कंत्राटी कामगारांविषयी बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. शेवटच्या आजारात उद्भवणारे वाद आणि त्यांतील अपिलांची मर्यादा, असा विषय मी कळवला, तेव्हा कार्यवाहांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. सतराव्या वर्षी कारखान्यात लागलो, रात्रशाळेत दहावी झालो, आणि पुढे जे काही शिकलो ते कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून. वकिलाला द्यावयास पैसे नसत, म्हणून निकालपत्रे शब्दकोश उघडून स्वतःच वाचावी लागत. त्या बाकावर एक गोष्ट मात्र मला फार जवळून पाहावयास मिळाली, ती म्हणजे अपील.

या विषयाकडे मी वळलो तो एका घटनेमुळे. आमच्या युनियनचे एक जुने सभासद पक्षाघाताने तीन वर्षे अंथरुणावर होते. शेवटी त्यांना श्वास घेववेना, तेव्हा एका रुग्णालयात त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवले. अकराव्या दिवशी रात्री मला बोलावणे आले. थोरला मुलगा म्हणत होता, आता पुरे, बाबांचे हाल थांबवा. धाकटा त्याच दिवशी आखाती देशातून येऊन पोचला होता. तो म्हणत होता, पैसे मी देतो, वेळ पडली तर कोर्टात जाईन, पण नळी काढू देणार नाही. दोघेही माझ्या डोळ्यांसमोर वाढलेले. “काका, तुम्ही जन्मभर तडजोडी केल्यात, तुम्हीच सांगा,” असे दोघेही म्हणाले. मी सवयीप्रमाणे दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेतले, मुद्दे काढले, डॉक्टरांना भेटलो. तिसरी एक व्यक्ती लिफ्टजवळच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ती त्यांची मुलगी. तीन वर्षे त्या माणसाला न्हाऊ घातले, भरवले, दर दोन तासांनी कूस बदलली, ती तिने. तिला कोणी काही विचारले नाही. मीही विचारले नाही. हे माझ्या ध्यानात आले ते घरी परतल्यावर, पहाटे. दोन दिवसांनी ते गृहस्थ आपले आपणच गेले आणि वाद मिटला.

त्यानंतर मी एक जुने निकालपत्र पुन्हा काढून वाचले. जो प्रश्न विचारावयास मी त्या रात्री विसरलो, तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली विचारला होता. त्या निकालाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आधी अपील म्हणजे काय ते पाहू. खालच्या न्यायाधीशाची चूक होऊ शकते, म्हणून वरच्याने ती तपासावी, एवढाच त्याचा अर्थ. अपिलाचा हक्क माणसाला जन्मतः मिळत नाही. कायद्याने दिला तर मिळतो. आणि तो ज्याचे काही बिघडले आहे त्यालाच मिळतो. वाटेवरच्या तिऱ्हाइताला दुसऱ्याच्या निकालावर अपील करता येत नाही. तिसरी गोष्ट पुस्तकांत ठळकपणे लिहिलेली नसते, पण कामगारांना ती पाठ असते: अपिलाला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या तरी पोटातून जातो. कामावर परत घ्या असा निकाल कामगाराच्या बाजूने लागे, मालक उच्च न्यायालयात जाई, स्थगिती मिळवी, आणि कामगार तोवर नाक्यावर भाजी विकत बसे. हे इतके वाढले की, १९८२ साली औद्योगिक विवाद कायद्यात १७-ब हे कलम घालावे लागले. वरच्या न्यायालयात प्रकरण पडून आहे तोवर मालकाने शेवटचा पगार चालू ठेवावा, असे ते कलम सांगे. १९८४ च्या ऑगस्टमध्ये ते अमलात आले. अपील चालू असतानाचा काळ हा रिकामा काळ नव्हे, त्या काळातही माणसाला जगावयाचे असते, हे कायद्याने प्रथमच इतक्या उघडपणे कबूल केले. माझ्या हातून गेलेल्या एका प्रकरणाचा निकाल सतरा वर्षांनी लागला. पूर्ण पगारासह नेमणूक. तो कागद मी त्या कामगाराच्या विधवेच्या हाती दिला. तिने तो देव्हाऱ्यात ठेवला.

मरणाच्या दारातल्या वादात हा सगळा हिशेब उलटापालटा होतो. ज्याचे बिघडले आहे तो बोलू शकत नाही. नळी काढण्यात चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची शक्ती कोणत्याही पीठाजवळ नाही. आणि स्थगिती दिली, तर स्थगितीचा प्रत्येक दिवस हा त्या देहाने सोसावयाचा दिवस असतो. तात्पुरता हुकूम हाच त्या दिवसापुरता अंतिम हुकूम होऊन बसतो. मग अपील करावे कोणी, किती वेळा, आणि कोठे थांबावे?

आता परळला जाऊ. माझे वडील गिरणीत होते आणि आमचे बिऱ्हाड लालबागला. १९२६ साली सुरू झालेले केईएम हे आम्हां गिरणगावच्या लोकांचे रुग्णालय. हात यंत्रात सापडला, केईएम. बाळंतीण अडली, केईएम. त्या रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची पंचविशीतली परिचारिका काम करीत होती. ती मूळची उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी काम संपवून ती कपडे बदलावयास गेली असता तेथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. मेंदूचा प्राणवायू तुटला होता. त्यानंतर ती कधी बोलली नाही, कधी चालली नाही.

आरोपीवर खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी एवढेच आरोप ठेवले गेले. सात वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला. देहावरच्या अत्याचाराचा आरोप लावलाच गेला नाही. आणि जो आरोप ठेवलाच नाही त्यावर अपील होत नाही. न बोलणाऱ्या माणसाच्या वाटचे पहिले अपील असे त्याच वेळी बुडाले, हे पुष्कळदा विसरले जाते. माझा धंदा कामगारांची बाजू घेण्याचा आहे. पण गुन्हा करणाराही कामगार होता म्हणून येथे माझी जीभ अडखळत नाही.

त्या वेळी मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. अरुणेची नीट व्यवस्था व्हावी आणि आपल्याला सुरक्षितपणे काम करता यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. संपाचा इतिहास लिहिणारे गिरण्या, गोदी, रेल्वे एवढेच मोजतात. हा संप त्यांच्या यादीत क्वचितच असतो. पण त्या संपाचा खरा शेवट १९७३ साली झाला नाही. वॉर्ड नंबर चारच्या लगतच्या खोलीत त्यांनी अरुणेला ठेवले आणि पाळी लावून तिची सेवा सुरू केली. ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी तिला अन्यत्र हलविण्याचा प्रयत्न महापालिकेने दोनदा केला. दोन्ही वेळा परिचारिका उभ्या राहिल्या आणि बेत सोडून द्यावा लागला. ज्यांनी तिला धडधाकट पाहिले होते त्या निवृत्त झाल्या. ज्या तिच्या अपघाताच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या त्या पाळीवर आल्या. घरी अंथरुणाला खिळलेले माणूस ज्यांनी सांभाळले आहे त्यांना पाठीच्या जखमांची भीती सांगावयास नको. महिनाभर दुर्लक्ष झाले की हाडापर्यंत जातात. सदतीस वर्षांत अरुणेला तशी एकही जखम झाली नाही, अशी नोंद न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे. कामगार चळवळीत मी बत्तीस वर्षे काढली. एवढ्या दीर्घ पल्ल्याची सामुदायिक कृती मी दुसरी पाहिलेली नाही.

याच सुमारास कायद्याची वाट दुसरीकडून चालली होती. मुंबई पोलिसांतील एक शिपाई अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर मनाने खचला होता. त्याने महापालिकेच्या कार्यालयाशी अंगावर रॉकेल ओतून घेतले. तो वाचला आणि आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल त्याच्यावर खटला झाला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरविले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तसाच निर्णय दिला. मार्च १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो फिरविला आणि सांगितले की, घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. दुसऱ्याला आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल शिक्षा झालेल्या पतिपत्नीचे ते अपील होते. त्यांना स्वतःची सुटका हवी होती, आणि त्यांच्या अपिलातून साऱ्या देशासाठी मरणाचा सिद्धांत ठरला! न्यायालयात असे होते. तथापि त्याच निकालात न्यायमूर्तींनी एक खिडकी उघडी ठेवली: मरण समोर दिसत असताना ते सन्मानाने यावे, ही गोष्ट वेगळी.

या खिडकीतूनच पुढची याचिका आत आली. अरुणेवर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनी २००९ साली तिच्या ‘वादमित्र’ म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. जो स्वतः दावा चालवू शकत नाही त्याच्या वतीने जो उभा राहतो, तो वादमित्र. तिला अन्न भरविणे थांबवावे आणि तिला शांतपणे जाऊ द्यावे, अशी विनंती होती. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. हे अपील नव्हते. घटनेच्या ३२ व्या कलमाखाली थेट शिखरावर केलेला अर्ज होता. खालून वर जाण्याचा जिना आमच्या कामगारांना नकोसा होतो, मधल्या पायऱ्यांवर त्यांचे आयुष्य सरते. पण थेट शिखरावर गेले की, तेथे चूक झाल्यास वर कोणी उरत नाही. न्यायालयाला याची जाणीव असावी. २१ व्या कलमाखाली मरण्याचा हक्क नाही, एवढ्या एका मुद्द्यावर हा अर्ज निकालात काढता आला असता, असे न्यायमूर्तींनी स्वतःच म्हटले. तरीही त्यांनी तो तेवढ्यावर सोडला नाही. मुंबईचे तीन डॉक्टर नेमले: टाटा रुग्णालयाचे डॉ. दिवातिया, हिंदुजाचे डॉ. गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे डॉ. निलेश शाह. त्यांनी परळला जाऊन अरुणेला तपासले, तिच्याजवळच्या माणसांशी बोलले. तिचा मेंदू मृत नव्हता. ती झोपे, जागी होई, आवाज करी. भोवतालचे भान मात्र नव्हते. परिचारिका सांगत होत्या की, तिला काय आवडते नि काय नाही ते आम्हांला कळते. तिच्या नैसर्गिक अंतापर्यंत तिला सांभाळावयाचे, असा तेथील सर्वांचा निर्धार आहे, हेही डॉक्टरांनी अहवालात लिहिले. अधिष्ठाता डॉ. संजय ओक यांचेही मत तेच होते.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. तो पहिल्यांदा वाचताना मी ज्या पानावर थांबलो ते पान डॉक्टरी चर्चेचे नव्हते, वादमित्र कोण हे ठरविणारे होते. विराणीबाईंनी पुस्तक लिहिले, तिला भेटी दिल्या, त्यांच्या तळमळीचे न्यायालयाने कौतुक केले. पण वर्षानुवर्षे रात्रंदिवस जे तिचे करीत आले ते केईएमचे लोक, म्हणून तेच तिचे वादमित्र, असे न्यायालयाने ठरविले. त्यांना ती जगावी असे वाटते, म्हणून अर्ज फेटाळला. पुढे कधी त्यांचे मत बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे. आणि यापुढे अशा प्रत्येक प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निदान दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तीन तज्ज्ञ डॉक्टरांचे मत घेऊन, जवळच्या नातेवाइकांना आणि शासनाला नोटीस देऊन निर्णय करावा, अशी वाटही न्यायालयाने आखून दिली.

रक्ताचे नाते नव्हे, विद्वत्ता नव्हे, कळवळाही नव्हे. ज्याने काम केले त्याला बोलण्याचा अधिकार. जन्मभर मी मालकांना हेच सांगत आलो. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते एका परिचारिकेच्या खाटेशी उभे राहून सांगावे, याचा मला त्या दिवशी विलक्षण आनंद झाला. केईएममध्येही परिचारिकांनी मिठाई वाटली.

पण वय वाढले तशी त्या आनंदात एक खळ पडली आहे, ती आपल्यापासून लपवीत नाही. अरुणेला काय हवे होते? हा प्रश्न निकालात कोठेच सुटत नाही, सुटणे शक्यही नव्हते. ज्याने सेवा केली त्याचा अधिकार मोठा खरा. पण सेवा करणाराही सेवेत गुंततो. आमच्या चळवळीत असे पुष्कळदा पाहिले आहे. एखादा लढा वर्षानुवर्षे चालविला की पुढाऱ्याला लढ्याचीच माया जडते, आणि कामगाराला तडजोड हवी असली तरी पुढारी ‘शेवटपर्यंत लढू’ म्हणतो. केईएमच्या परिचारिकांवर मी हा आरोप ठेवीत नाही. ठेवण्याची माझी योग्यता नाही. एवढेच म्हणतो की, अरुणेच्या वतीने बोलणारे सर्वांत योग्य माणूस निवडले गेले, तरी ते अरुणा नव्हते.

हीच अडचण परदेशांत कशी हाताळली गेली ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या न्यायमूर्तींनी तिकडचे निकाल समोर ठेवून हा निर्णय केला. इंग्लंडात १९८९ च्या एप्रिलमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना पाहावयास गेलेली माणसे गर्दीत चिरडली. त्यांत अँथनी ब्लँड नावाचा कोवळा मुलगा प्राणवायू तुटल्याने कायमचा बेशुद्ध झाला. त्याच्या आईबापांचे आणि डॉक्टरांचे एकमत होते की, नळी काढावी. भांडण नव्हतेच. तरीही मुलाची बाजू मांडण्यासाठी तिकडच्या कायद्याने एक सरकारी अधिकारी उभा केला, आणि परवानगी मिळाल्यावर त्या अधिकाऱ्यानेच अपील केले! न बोलणाऱ्यासाठी कोणीतरी ‘नाही’ म्हणावे, आणि ते ‘नाही’ सर्वांत वरच्या पायरीपर्यंत तपासले जावे, ही त्यामागची दृष्टी. नोव्हेंबर १९९२ मध्ये पहिला निकाल, डिसेंबरात दुसरा, ४ फेब्रुवारी १९९३ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सचा तिसरा. तीन पायऱ्या तीन महिन्यांच्या आत. मग थांबले. मार्चमध्ये मुलगा गेला.

अमेरिकेत फ्लॉरिडा प्रांतात याच्या उलट झाले. टेरी शायव्हो ही सव्वीस वर्षांची विवाहिता १९९० च्या फेब्रुवारीत घरी कोसळली आणि शुद्धीवर आली नाही. १९९८ साली तिच्या नवऱ्याने नळी काढण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागितली. आईबापांनी विरोध केला. २००० सालच्या फेब्रुवारीत न्यायाधीश ग्रीअर यांनी, तिला स्वतःला असे जगणे नको होते हे पुराव्याने सिद्ध होते, असा निकाल दिला. एप्रिल २००१ मध्ये नळी काढली. दोन दिवसांनी दुसऱ्या न्यायालयाच्या हुकमाने पुन्हा घातली. ऑक्टोबर २००३ मध्ये पुन्हा काढली; सहा दिवसांत प्रांताच्या विधिमंडळाने खास तिच्यासाठी कायदा केला आणि राज्यपालाने ती परत घालविली. तो कायदा पुढच्या वर्षी प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केला. १८ मार्च २००५ रोजी नळी तिसऱ्यांदा काढली. मग देशाच्या संसदेने शनिवार-रविवार बसून आणखी एक कायदा केला, त्यावर सही करण्यासाठी अध्यक्ष बुश सुट्टी सोडून टेक्ससहून राजधानीत परतले आणि मध्यरात्रीनंतर त्यांनी सही केली. त्या कायद्याने आईबापांना केंद्रीय न्यायालयांचे दार उघडून दिले. ती न्यायालये एकामागून एक नाही म्हणाली. ३१ मार्चला टेरी मरण पावली. शवविच्छेदनात तिच्या मेंदूचे वजन ६१५ ग्रॅम भरले, म्हणजे हव्या त्याच्या निम्मे.

त्या आईबापांना मी दोष देत नाही. लेक डोळ्यांसमोर असताना कोणते आईबाप शेवटची पायरी चढावयाची राहू देतील? दोष द्यावयाचा तो ज्यांनी पायऱ्या संपल्यावर नव्या पायऱ्या बांधून दिल्या त्यांना. निकाल मनाविरुद्ध गेला म्हणून एका माणसापुरता कायदा करावयाचा, हे मालकांनी केले असते तर आम्ही मोर्चा काढला असता. न्यायाधीशाची चूक तपासणे हे अपिलाचे काम. ग्रीअर यांची चूक कोणत्याही वरच्या न्यायालयाला सापडली नाही. तरी नळी तीनदा काढली, दोनदा घातली. ती चढउतार ज्या देहावर झाली त्याचे त्या वर्षांत काय झाले असेल, हे कोणत्याच अर्जात लिहिलेले नाही.

आता पुन्हा आपल्याकडे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी, २००५ पासून पडून असलेल्या एका याचिकेवर निर्णय देताना सांगितले की, सन्मानाने मरणे हे २१ व्या कलमातील हक्काचाच भाग आहे, आणि माणसाला शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवता येईल. बोलता येईनासे होण्यापूर्वी बोलून ठेवावयाचे, म्हणजे मागाहून वादमित्र शोधत बसावयास नको. अरुणेच्या प्रकरणात जे सुटले नाही त्याची ही दुसऱ्या टोकाने केलेली सोडवणूक. परंतु त्या निकालाने सांगितलेली कार्यपद्धती इतकी अवघड होती की, कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी, आणि वेळ आल्यावर त्याने स्वतः रुग्णालयात येऊन पाहावे. आमच्या तालुक्यात न्यायदंडाधिकाऱ्यापुढे साधा चेकचा खटला दोन दोन वर्षे येत नाही! २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे कागद नोंदवावा. रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे मंडळ, त्यावर दुसरे तीन डॉक्टरांचे मंडळ, आणि प्रत्येकाने शक्य तो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावे. दंडाधिकाऱ्याला फक्त कळवावयाचे. मंडळांत मतभेद झाला, किंवा परवानगी नाकारली गेली, तर नातेवाइकांना किंवा डॉक्टरांना उच्च न्यायालयाचे दार मोकळे आहे.

मला यांत ते अठ्ठेचाळीस तास फार महत्त्वाचे वाटतात. १७-ब कलमाने पैशाच्या रूपाने जे मान्य केले होते, तेच येथे तासांच्या रूपाने मान्य झाले आहे. दाद मागण्याची जागा ठेवा, पण दाद मागण्यातच माणूस संपेल इतकी लांबवू नका. ज्याच्या चुकीची दुरुस्ती होऊ शकत नाही असा निर्णय दुसऱ्या कोणीतरी तपासलाच पाहिजे. आणि तपासून झाल्यावर थांबलेही पाहिजे. भाऊ-भाऊ जमिनीच्या तुकड्यासाठी तीन पिढ्या लढतात, लढोत. जमीन थांबते.

परंतु बंधुभगिनींनो, हे सारे मंडळांचे नि पीठांचे बोलणे ज्याला व्हेंटिलेटरची खाट मिळाली त्याच्यापुरते आहे, हेही मला सांगितले पाहिजे. आमच्या सभासदांच्या घरी हा निर्णय कोण करतो? बिल करते. चौथ्या पाचव्या दिवशी रुग्णालयाच्या खिडकीवर आकडा सांगितला जातो, मंगळसूत्र गहाण पडते, आणि मग एका कागदावर मुलाचा अंगठा किंवा सही घेतात की, आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला स्वखुशीने घरी नेत आहो. स्वखुशीने! रिक्षात उशी घालून नेलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी तीन डॉक्टर बसत नाहीत, कोणी ‘नाही’ म्हणत नाही, आणि त्या सहीवर कोठेच अपील होत नाही. आईबाप मारल्याची टोचणी त्या मुलाच्या मनात जन्मभर राहते, आणि तीही त्याने एकट्याने सोसावयाची. अरुणा साडेएकेचाळीस वर्षे जगली ती महापालिकेच्या सार्वजनिक रुग्णालयात, जेथे खिडकीवर कोणी आकडा सांगितला नाही. वादमित्र उभे राहू शकले याचे एक कारण तेही होते. सन्मानाने मरण्याच्या हक्कावर बोलणाऱ्या विद्वानांच्या लेखनात या कारणाचा उल्लेख मला फारसा आढळलेला नाही.

१८ मे २०१५ रोजी अरुणा न्यूमोनियाने गेली. न्यायालयाच्या परवानगीने नव्हे, आपली आपण. नातेवाईक आले होते, परिचारिका होत्या. अंत्यविधी कोणी करावा यावर थोडी बोलाचाली झाली, आणि शेवटी दोघांनी मिळून केला.

त्या जुन्या सभासदांच्या मुलीला मी महिन्याभराने भेटलो. त्या रात्री तुला विचारावयास हवे होते, असे म्हणालो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. पण विचारायला हवं होतं.” बाबा अंथरुणावर पडल्याच्या पहिल्या वर्षी, बोलता येत होते तोवर, तिच्याजवळ पुष्कळ काही बोलले होते. ते काय, हे मी विचारले नाही. आता तो अधिकार माझा नव्हता.

घरी येऊन आम्ही नवराबायकोंनी आपापला कागद लिहिला. नोटरीने असा कागद पूर्वी पाहिला नव्हता. त्याने तो दोनदा वाचला आणि शिक्का मारला. एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावयाची असते, म्हणून मी कार्यालयात गेलो. कारकून म्हणाला, मृत्युपत्र ना, ते दुय्यम निबंधकाकडे. मी म्हटले, मृत्युपत्र नव्हे. मी मेल्यानंतरचे यात काही नाही, त्याच्या आधीचे आहे. त्याने आत जाऊन विचारले. आतून उत्तर आले की, असा अधिकारी अजून नेमलेला नाही. मी तेथेच उभ्याउभ्या अर्ज लिहिला: निर्णयानुसार अधिकारी नेमावा, आणि नेमेपर्यंत ही प्रत दप्तरी ठेवून घ्यावी. आवक शिक्का मारून घेतला. त्या अर्जाची पोच माझ्याजवळ आहे.